सेकंदाला हजार, गरज एकाची

सोलापुरात सुताचा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वीस काउंटचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या वीस लडी. एकूण १६,८०० वार, म्हणजे पंधरा किलोमीटरांच्या वर. अर्ध्या किलोहूनही हलक्या वजनात एवढी लांबी मावते, हे शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या पोरालाही ठाऊक असतं. आज मला अशाच एका लांबीचा हिशेब मांडायचा आहे. ती पुरुषाच्या शरीरात असते, आणि नसबंदी, नसबंदीनंतरची पुन्हा जोडणी, टेस्ट ट्यूब बेबी हे सगळे विषय तिच्याशी बांधलेले आहेत. या विषयावर आपल्याकडे कुजबुज पुष्कळ होते, हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

पुरुषाच्या दोन वृषणांचं वजन मिळून तीस-चाळीस ग्रॅम. या मूठभर मांसात केसासारख्या बारीक नळ्यांची गुंडाळी असते. ती उलगडून सरळ केली, तर लांबी भरते सुमारे अर्धा किलोमीटर. या नळ्यांच्या भिंतीत शुक्राणू तयार होतात. एक शुक्राणू पूर्ण घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, पण एकाच वेळी इतक्या ठिकाणी काम चालू असतं की निरोगी तरुण पुरुषाच्या शरीरात दर सेकंदाला साधारण हजार शुक्राणू तयार होतात. मिनिटाला साठ हजार. दिवसाला साडेआठ कोटींच्या वर. २०११च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख होती आणि महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाख. म्हणजे एका दिवसाचं उत्पादन सोलापूर जिल्ह्याच्या वीसपट, आणि दीड दिवस भरायच्या आत अख्ख्या महाराष्ट्राइतकं.

आता लांबी बघू. एक शुक्राणू डोक्यापासून शेपटीपर्यंत सुमारे ०.०५ मिलिमीटर असतो. हजार शुक्राणू एकापुढे एक ठेवले तर पाच सेंटिमीटर झाले. म्हणजे ही गिरणी सेकंदाला पाच सेंटिमीटर माल काढते. दिवसाला ४.३ किलोमीटर. वर्षाला १,५७७ किलोमीटर. सोलापूर ते मुंबई रेल्वेचं अंतर ४५५ किलोमीटर आहे. म्हणजे एका पुरुषाचा एका वर्षाचा माल ओळीनं मांडला, तर सोलापूर-मुंबई साडेतीन वेळा होईल. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, या गिरण्यांचे भोंगे केव्हाच बंद झाले. ही गिरणी मात्र वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत रात्रपाळीसकट चालूच राहते.

वाट एकच, तीही सुईच्या टोकाएवढी

एवढा माल बाहेर पडायला वाट किती? वृषणातून निघालेला शुक्राणू आधी अधिवृषणात येतो. वृषणाच्या पाठीला चिकटलेली, बोटाच्या पेरा-दोन पेरांएवढी ही पट्टी म्हणजे एकाच नळीची घट्ट गुंडाळी. ती उलगडली तर लांबी सहा मीटर. या सहा मीटरांच्या प्रवासात शुक्राणू पोहायला शिकतो. पुढे शुक्रवाहिनी लागते. लोक जिला ‘नस’ म्हणतात, ती हीच. प्रत्येक बाजूला एक. लांबी फूटभर किंवा थोडी जास्त, बाहेरून जाडी दोन-तीन मिलिमीटर, हाताला ओल्या सुतळीसारखी लागणारी. पण आतली पोकळी फक्त ०.३ ते ०.५ मिलिमीटर. आपल्याला ती टोचणीच्या छिद्राएवढी, शुक्राणूला मात्र ऐसपैस, कारण त्याचं डोकं जेमतेम ०.००३ मिलिमीटर रुंद असतं. एवढ्या वाटेवरून शंभर शुक्राणू खांद्याला खांदा लावून जातील.

नसबंदीत हीच वाट दोन्ही बाजूंनी तोडून बांधतात. पूर्वी त्यासाठी कातडीला चिरे देत. १९७४ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात डॉ. ली शुनच्यांग यांनी चाकू न वापरता, एका टोकदार चिमट्यानं केलेल्या बारीकशा छिद्रातून नस बाहेर काढायची पद्धत शोधली. आपल्याकडे तिला ‘बिनटाका’ म्हणतात. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी १९३८ मध्ये चीन गाठला आणि १९४२ मध्ये तिथंच देह ठेवला. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकापाशी उभं राहिलं की मला वाटतं, दोन देशांतल्या वैद्यकानं एकमेकांना काय दिलं त्याच्या हिशेबात हा बारीक चिमटाही धरायला हवा. बिनटाक्यात जागेवरच भूल देऊन दहा-पंधरा मिनिटांत काम होतं आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो.

मग जातात कुठं?

नस बांधली तरी गिरणी थांबत नाही. वेग काहीसा मंदावतो, पण शुक्राणू तयार होतच राहतात. मग वर्षानुवर्षांचा हा माल साठून राहतो का, शरीरात विष होतं का, अंगातली ताकद जाते का, हे प्रश्न पारावर, कारखान्यात, बायकोपाशी विचारले जातात. डॉक्टरांपुढे ते सहसा ओठावर येत नाहीत.

उत्तर सरळ आहे. तयार झालेले शुक्राणू अधिवृषणात म्हातारे होऊन मोडतात. शरीरातल्या पेशी त्यांना गिळून पचवतात आणि त्यातलं कामाचं परत रक्तात जातं. तिसाव्या वर्षी नसबंदी केलेला माणूस साठ वर्षांचा होईपर्यंत, सेकंदाला हजाराचा हिशेब धरला, तर सुमारे ९५ हजार कोटी शुक्राणू अशा रीतीनं शरीरातच जिरतात. ओळ लावली तर ४७ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला विषुववृत्तावर एक वेढा घालून वर सात हजार किलोमीटर उरतील. उत्पादन मंदावतं म्हणून आकडा खाली आणला, तरी अंतर हजारो किलोमीटरांतच राहतं. आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

वीर्यात शुक्राणूंचा वाटा दोन ते पाच टक्के. बाकीचं सगळं वरच्या ग्रंथींतून येतं आणि नसबंदीनंतरही येतच राहतं. दाढी-मिशा, आवाज, इच्छा, ताकद यांचा कारभार टेस्टोस्टेरॉनकडे. ते रक्तातून जातं, नसेतून नाही. म्हणून नस कापली तरी मर्दपणाला धक्का लागत नाही. ही बाब घरोघरी पोचली असती, तर पुढचे काही आकडे वेगळे दिसले असते.

एक बदल मात्र खराच होतो. शुक्राणू पौगंडावस्थेत तयार व्हायला लागतात, तोवर शरीराच्या संरक्षक पेशींनी स्वतःचं काय आणि परकं काय याची ओळख पक्की केलेली असते. त्यामुळे निरोगी माणसातही वृषणातल्या नळ्यांत एक पडदा असतो आणि शुक्राणू रक्तापासून दूर राहतात. नसबंदीनंतर हा पडदा गळतो. निम्म्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात शुक्राणूंविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडतात. तब्येतीला त्यांचा त्रास नाही. पण पुढे कधी नस पुन्हा जोडायची वेळ आली, तर तिथल्या हिशेबात ती धरावी लागतात.

पाच सेकंदांना एक

आता शरीराबाहेरचे आकडे. कुटुंब नियोजनाची गोष्ट महाराष्ट्रात सरकारच्या कितीतरी आधी सुरू झाली. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. किती मुलं हवीत हे ज्याचं त्यानं, समजून-उमजून ठरवावं, हा त्यांचा आग्रह होता. १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम आला. साठच्या दशकात मुंबई महापालिकेत डॉ. दत्ता पै यांनी थेट रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं थाटली. १९७१च्या जुलैत केरळात एर्नाकुलमच्या शिबिरात एका महिन्यात ६३,४१८ नसबंद्या झाल्या, जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या. दिवसाला दोन हजारांवर.

आणि मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख ६० हजार नसबंद्या झाल्या. त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. या आकड्याला वर्षाच्या सेकंदांनी भागा. रात्र, सुट्टी, सण, पाऊस काहीही न वगळता दर पाच सेकंदांना एका पुरुषाची नस कापली गेली. वर्षभर. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षीच्या नसबंद्या आठ लाखांच्या पुढे गेल्या. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही.

बार्शीचे दहा दिवस

आणीबाणीतल्या लाखो नसबंद्यांतला एक छोटा आकडा आपल्या जिल्ह्यातला आहे. बार्शी सोलापुरापासून सत्तर किलोमीटरांवर. १९७६च्या जानेवारीत तिथं शिबिर भरलं. लक्ष्य होतं दहा दिवसांत एक हजार नसबंद्या. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. राहिले आठ दिवस, म्हणजे रोजच्या सव्वाशे. मग गाड्या फिरू लागल्या, आणि आपापल्या कामानं बार्शीला आलेल्या खेड्यांतल्या माणसांना रस्त्यावरून उचलून शिबिरात नेण्यात आलं.

मला हा आकडा सोडत नाही. हजार शुक्राणू निरोगी पुरुषाचं शरीर एका सेकंदात तयार करतं. निसर्गाच्या हिशेबात हजार म्हणजे काहीच नाही. बार्शीत हजार म्हणजे हजार माणसं होती. कुणी बियाणं न्यायला आलेलं, कुणी तहसीलच्या कामाला, कुणी दवाखान्यात असलेल्या नातेवाइकाला डबा द्यायला. लक्ष्याच्या तक्त्यात तो प्रत्येक जण एक खूण होता. घरी परतल्यावर तो कुणाचा तरी नवरा होता, कुणाचा मुलगा होता, आणि काही ठिकाणी लग्न व्हायचं बाकी होतं. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे देशभरातून अविवाहितांच्या नसबंदीच्या ५४८ तक्रारी आल्या. नसबंदीशी निगडित १,७७४ मृत्यूंची नोंदही आयोगानं केली.

तो धसका आकड्यांतही दिसतो. पुढच्याच वर्षी, १९७७-७८ मध्ये, देशातल्या पुरुष नसबंद्या ६२ लाखांवरून दोन लाखांच्या आत आल्या. तीसपटींनी घट. त्यातून कार्यक्रम सावरला तो पुरुषांना बाजूला ठेवून, सगळा भार बायकांच्या अंगावर टाकून.

तोडायला दहा मिनिटं, जोडायला तीन तास

ज्यांची नस कापली गेली, त्यांच्यापैकी कुणाला पुढे मूल हवं झालं तर? आपल्याकडे ही वेळ बहुधा दोन कारणांनी येते. मूल दगावलं, किंवा दुसरं लग्न झालं. तपासणीच्या टेबलासमोर बसलेलं असं जोडपं एकमेकांकडे न बघता बोलतं. नवरा विचारतो, “नस परत जोडता येतीय का ओ डॉक्टर?” बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. त्या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर देता येतं, पण त्याच्यामागे आकड्यांची रांग लावावी लागते.

या कामात महाराष्ट्राचं नाव जगात फार लवकर पोचलं. मुंबईचे डॉ. जी. एम. फडके आणि डॉ. ए. जी. फडके यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या मूत्ररोगशास्त्राच्या नियतकालिकात ७६ पुरुषांचा अनुभव मांडला. नस जोडल्यावर ८३ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि ५५ टक्क्यांच्या घरी गर्भधारणा झाली. शस्त्रक्रियेचे सूक्ष्मदर्शक त्या काळी या कामाला वापरात आलेले नव्हते. तसे ते सत्तरच्या दशकात आले, आणि बार्शीच्या त्या दिवसांत जगातल्या मोजक्या ठिकाणीच होते.

आज ही शस्त्रक्रिया कशी होते, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सूक्ष्मदर्शकात सगळं पंधरा ते पंचवीस पट मोठं दिसतं. सर्जन जुनी गाठ शोधतो, तिच्या अलीकडून-पलीकडून नस कापतो आणि वृषणाकडच्या टोकातून ओघळलेला थेंब काचेच्या पट्टीवर घेतो. पट्टी दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली जाते. या थेंबावर पुढचं सगळं ठरतं. त्यात शुक्राणू दिसले, तर नसेला नस जोडायची. थेंब दाट, दह्यासारखा आणि रिकामा निघाला, तर अडथळा मागे अधिवृषणात आहे असं समजायचं. वर्षानुवर्षांच्या दाबानं ती बारीक नळी कुठंतरी फुटून बुजलेली असते. मग नस थेट त्या नळीला जोडावी लागते, जिची जाडी मिलिमीटरचा पाचवा भाग असते. हे काम नसेला नस जोडण्यापेक्षा कितीतरी अवघड.

धागा कोणता? ‘दहा-शून्य’ नायलॉन, जाडी ०.०२ ते ०.०२९ मिलिमीटर. सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला ते वीस काउंटचं सूत सुमारे ०.२ मिलिमीटर जाड असतं. म्हणजे त्याच्या जाडीत असे सात ते दहा धागे शेजारी-शेजारी बसतील. नसेच्या आतल्या अस्तराला असे सहा ते आठ टाके, त्यावर बाहेरच्या थराला वेगळे, आणि हे दोन्ही बाजूंना. दोन-तीन तास सहज जातात, कधी चार. यंत्रमागावर धागा तुटला की बाई माग थांबवते, दोन टोकं चिमटीत धरते, बोटांना एक पीळ देते आणि माग पुन्हा चालू होतो. डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ. शरीरात तुटलेला धागा असा सांधत नाही.

यश किती? १९९१ मध्ये अमेरिकेत १,४६९ पुरुषांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नसबंदी होऊन तीन वर्षं व्हायच्या आत नस जोडली, तर ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि ७६ टक्के जोडप्यांना गर्भधारणा झाली. तीन ते आठ वर्षांत हे आकडे ८८ आणि ५३. नऊ ते चौदा वर्षांत ७९ आणि ४४. पंधरा वर्षं किंवा अधिक झाली असतील, तर ७१ आणि ३०.

या चार जोड्या नीट बघा. शुक्राणू परतण्याचं प्रमाण हळू उतरतं, गर्भधारणेचं मात्र भरभर. पहिल्या गटात दोन्हींमधलं अंतर २१, शेवटच्या गटात ४१. वाट मोकळी झाली तरी त्या वाटेवरून येणारा माल पूर्वीसारखा राहिलेला नसतो. अधिवृषणावर ताण आलेला असतो, प्रतिद्रव्यं शुक्राणूंना चिकटून त्यांची चाल अडवू शकतात, आणि नस जोडलेल्या पुरुषांच्या शुक्राणूंत डीएनएची मोडतोड जास्त असल्याचं काही अभ्यासांत आढळलं आहे. शिवाय या वर्षांत बायकोचंही वय वाढलेलं असतं.

एक शुक्राणू, एक सुई

नस जोडायची नसेल, किंवा जोडूनही उपयोग झाला नसेल, तर दुसरी वाट १९९२ साली उघडली. ब्रसेल्सच्या प्रयोगशाळेत जानपिएरो पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच शुक्राणू सुईनं थेट अंड्यात सोडून गर्भधारणा झाल्याचं त्या वर्षी जगापुढे ठेवलं. हीच इक्सी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा हे तंत्र नव्हतं. टेस्ट ट्यूबच्या साध्या पद्धतीत, म्हणजे आयव्हीएफमध्ये, एका अंड्याभोवती पन्नास हजार ते लाखभर शुक्राणू सोडावे लागतात. इक्सीत लागतो एक.

इथं आकड्यांची उतरंड थक्क करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं एका वेळच्या वीर्यात ३ कोटी ९० लाख शुक्राणू ही नैसर्गिक गर्भधारणेसाठीची खालची मर्यादा मानतात. म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या नऊपट. त्यातले अंड्याच्या आसपास पोचतात काहीशे. आत जातो एक. इक्सीनं मधली सगळी गर्दी वगळली आणि पहिलाच आकडा शेवटचा केला.

नसबंदी झालेल्या पुरुषाला या वाटेवर एक मोठा फायदा आहे. त्याची गिरणी चालूच असते, फक्त माल आत अडकलेला. बारीक सुईनं अधिवृषणातून काढलेल्या द्रवात लाखो शुक्राणू मिळू शकतात. तिथं न मिळाले तर वृषणातून काढता येतात. उरलेले उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं ठेवता येतात. शुक्राणू शोधताना डॉक्टरांना मात्र शिकलेलं उलटं करावं लागतं. एरवी अधिवृषणाच्या शेवटच्या टोकाचे शुक्राणू सगळ्यांत तयारीचे असतात. नस बांधलेल्या माणसात तिथं म्हाताऱ्या आणि मोडलेल्या शुक्राणूंचा खच असतो. हलणारे, कामाचे शुक्राणू मिळतात ते मागे, वृषणाजवळच्या भागात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या अंड्यात असा एक शुक्राणू सोडताना आधी सुईनं त्याची शेपटी दाबून त्याला स्थिर करतात, मग शेपटीकडून सुईत ओढून घेतात.

पण या वाटेचा भार कुणावर पडतो, हे आधी सांगायला हवं. नस जोडताना टेबलावर नवरा असतो. इक्सीत पुरुषाला एकदा सुई टोचली की त्याचं बहुतेक काम झालं. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं घेणं, सोनोग्राफी, भूल देऊन अंडी काढणं, गर्भ सोडल्यावर दोन आठवडे जीव मुठीत धरून वाट बघणं, हे सगळं बायकोच्या अंगावर. खर्चही एका खेपेला लाखाच्या पुढे सहज जातो. सोलापुरात आज आयव्हीएफ केंद्रं आहेत, पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, तरी यंत्रमागावर किंवा विडीवर पोट असलेल्या घरात हा आकडा वर्षाच्या कमाईशी भिडतो.

आणि उपचाराचं यश मुख्यतः तिच्या वयावर ठरतं. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अंडी असतात, वयात येताना तीन-चार लाख उरतात, आणि सगळ्या आयुष्यात चारशे-पाचशेच परिपक्व होऊन बाहेर पडतात. नवं एकही तयार होत नाही. एकीकडे सेकंदाला हजार, दुसरीकडे महिन्याला एक. म्हणून नवऱ्याची नसबंदी होऊन किती वर्षं झाली, यापेक्षा बायको तिशीत आहे की चाळिशीत, या प्रश्नाला इक्सीत जास्त वजन आहे. २०२१च्या कायद्यानं असे उपचार घेण्यासाठी स्त्रीला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न वर्षांची वरची मर्यादा घातली आहे. पण शरीर त्याच्या पुष्कळ आधी हिशेब बंद करायला लागतं. ज्या जोडप्याला मूल हवं आहे त्यानं नस जोडायची की इक्सी करायची याचा विचार दोघांची वयं एकत्र मांडून, लवकर करावा. एक वर्ष वाया जाणं इथं फार महाग पडतं.

३७.९ आणि ०.३

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग नसबंदी नकोच. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित जोडप्यांत बायकोची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याची झालेली ०.३ टक्क्यांत. एका पुरुषामागे सव्वाशे बायका. महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर होतं. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागतं किंवा पोटात दुर्बीण घालावी लागते. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत कातडीला एक छिद्र. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस सरकारी दवाखान्यांत पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, आशाताई दारोदार सांगत फिरतात, आणि घराघरांतून ठरलेलं उत्तर येतं: तिचंच करू, त्याला कामाला जायचंय. तीही कामाला जाते, विड्या वळते, कांड्या भरते, रानात खुरपते, हे त्या उत्तरात कुठंच नसतं.

ज्याची मुलं झाली, ज्याचं आणि ज्याच्या बायकोचं मन ठाम आहे, त्या पुरुषासाठी बिनटाका ही आजही सगळ्यांत सोपी, सुरक्षित आणि खात्रीची शस्त्रक्रिया आहे. दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवायच्या. नस बांधली त्या दिवसापासून निर्धास्त व्हायचं नाही, कारण गाठीच्या पुढच्या भागात आधीचे शुक्राणू उरलेले असतात. तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करून शुक्राणू शून्य असल्याचं लेखी घ्यायचं. त्यानंतर गर्भ राहण्याची शक्यता दोन हजारांत एक इतकी कमी होते. दुसरी गोष्ट, ही वाट कायमची बंद झाली असं धरूनच चालायचं. फडक्यांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी ती पुन्हा उघडून दाखवली, इक्सीनं ती टाळून पलीकडे जाण्याची सोय केली. तरी जोडणीची टक्केवारी दर वर्षागणिक घसरते आणि इक्सीचा भार बायकोवर पडतो.

म्हणून दहा मिनिटांच्या त्या कामाआधी एक कागद पुढे येतो. संमतीपत्र. ही शस्त्रक्रिया कायमची आहे, ती मला समजली आहे, माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही, असं त्यावर मराठीत लिहिलेलं असतं. तो कागद घाईनं सही ठोकून परत द्यायचा नसतो. खुर्चीवर बसून, बायकोबरोबर वाचायचा असतो, न कळेल ते विचारायचं असतं, आणि मन झालं नाही तर तसाच ठेवून घरी जायचं असतं. बार्शीच्या त्या दहा दिवसांत गाडीत घातलेल्या माणसाच्या हातात ही एवढीच गोष्ट नव्हती.